वर्नाच्या नळांचा हिवाळी बंदोबस्त

माणूस कधी ना कधी मरतो आणि पाणी गोठलं की फुगतं, ही दोन सत्यं जगात सगळीकडे सारखीच आहेत. फरक एवढाच की पहिल्या सत्यापुढे शेजारी मान खाली घालून गप्प उभे राहतात, आणि दुसऱ्यापुढे एकही शेजारी गप्प राहिल्याची नोंद नाही. निदान कॅनडातल्या सस्काचवान प्रांतातल्या क्रुकेड स्पून तळ्यावर तरी नाही.

तर आता ऐका. या तळ्याकाठी चौसष्ट ट्रेलर उभे आहेत. ट्रेलर म्हणजे खरं तर गाडीमागे जोडून हवं तिथे न्यायचं चाकांवरचं घर, पण इथले ट्रेलर गेल्या वीस वर्षांत कुठेही गेलेले नाहीत. त्यांना पुढे लाकडी ओटे आलेत, बाजूला जिरेनियमच्या कुंड्या आल्यात, आणि चाकं आहेत हे मालक विसरलेत. आत सगळं असतं. बेसिन, शॉवर, संडास, गिझर, आणि या सगळ्यांना जोडणारे बोटाएवढे प्लास्टिकचे पाइप. ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत टर्की खायची आणि या पाइपांचा हिवाळी बंदोबस्त करून घरी जायचं, हा इथला रिवाज. नाही केला तर जानेवारीत, उणे अडतीसला, पाइप गुपचूप तडकतात, आणि ते कळतं मे महिन्यात, नळ जोडल्यावर, पलंगाखालून. (मे महिन्यात तळ्यावर ज्या शिव्या ऐकू येतात त्या सगळ्या ऑक्टोबरच्या असतात.)

बंदोबस्ताच्या मान्यताप्राप्त पद्धती दोन. पहिली गुलाबी. यात पाइपातलं पाणी काढून टाकून न गोठणारं गुलाबी औषध पंपाने भरायचं. दुसरी वाऱ्याची. कॉम्प्रेसर लावायचा आणि पाइप फुंकून कोरडे करायचे. दोन्हींनी पाइप वाचतात. भांडण आहे ते याचमुळे. एका पद्धतीने तरी पाइप फुटले असते तर प्रश्न केव्हाच मिटला असता.

गुलाबीवाल्यांचा म्होरक्या ओरेस्ट. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे बसलेले आपलं ऐकतायत असं तो अजून धरून चालतो. वारेवाल्यांचा गार्थ. हा आपला कॉम्प्रेसर नातवाच्या लाल हातगाडीत ठेवून तळ्याभोवती असा फिरवतो, जसा दुसरा एखादा कुत्रा फिरवेल. दोघं रोज संध्याकाळी एकत्र पत्ते खेळतात आणि ऑक्टोबर आला की एकमेकांच्या अकलेबद्दल काळजी करतात. एका सर्वेक्षणानुसार (सर्वेक्षण ओरेस्टच्या बायकोने, आयलीनने, पत्ते पिसता पिसता केलं) तळ्यावरचे सत्तर टक्के पुरुष गुलाबी, तीस टक्के वारेवाले, आणि शंभर टक्के बायका या विषयाला विटलेल्या.

आता वर्ना क्लिमकडे येऊ. वय एकोणसत्तर. तिचा नवरा नेस्टर जाऊन दोन हिवाळे झाले. हा नेस्टर आधी वारा मारायचा आणि वर गुलाबीही भरायचा, म्हणजे दोन्ही पक्षांच्या लेखी तो बाटलेला होता, तरी त्याच्या अंत्यविधीला दोन्ही पक्ष आले आणि दोघांनीही भरपूर सँडविच खाल्ली. गेल्या वर्षी पाइपांचं काम मुलाने, ब्लेनने, शहरातला माणूस बोलावून करून घेतलं. या वर्षी ब्लेनने ट्रेलरला गिऱ्हाईकच बघितलं. म्हणाला, आई, हे तुला आता झेपायचं नाही. वर्ना तेव्हा भांडी घासत होती, आणि भांडी घासताना बाईला काय बोलू नये ते सगळं तो बोलला होता. ती म्हणाली, "मी स्वतः करीन. मे महिन्यात एक पाइप जरी फुटलेला निघाला, तर घाल विकून."

बोलून गेली आणि मग जीभ चावली. कारण बघा ना, शहरातल्या घरी ती कोणाची आई, कोणाची आजी, डॉक्टरची पेशंट, आणि चर्चच्या स्वयंपाकघरातली वरेनिकी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वळणारी. तळ्यावर सकाळी कॉफीचा मग घेऊन ट्रेलरच्या पायरीवर बसली की ती नुसती वर्ना. रात्रीच्या जेवणाला शेपूतल्या काकड्यांचं लोणचं आणि ब्रेड खाल्ला तरी कोणी विचारत नाही, बरी आहेस ना. एवढा सगळा संसार त्या बोटाएवढ्या पाइपांवर उभा.

शनिवारी सकाळी तिने माहितीपुस्तिका उघडली, गुलाबी औषधाचे कॅन मांडले आणि गुडघे टेकून पलंगाखाली डोकं घातलं. डोकं बाहेर काढलं तोवर दारापुढे खुर्च्या लागल्या होत्या. इथे कोणी मदत करू का असं विचारत नाही. तो अपमान समजतात. इथे लोक नुसते जाता जाता थांबतात. (जाता जाता सोबत घडीची खुर्ची आणि थर्मास नेण्याची पद्धत जगात इतरत्र आढळत नाही.)

"वर्ना, मी काही बोलत नाहीये," ओरेस्ट म्हणाला.

"बरं झालं."

"फक्त एवढंच, की आधी शॉवर."

"बोलत नव्हतास ना तू?"

"हे बोलणं नाही. हे नुसतं सांगणं."

गार्थ म्हणाला, याच्या नादी लागू नकोस, चहा केल्यासारखं पाइपात काय काय ओतायचं, त्यापेक्षा एक फुंकर, काम फत्ते. आयलीन विणकाम करत होती. मान वर न करता ती म्हणाली, गार्थ, तुझ्या फुंकरी पत्त्यांच्या टेबलावर होतात तेवढ्या पुरे आहेत. मग सल्ल्यांना तोंड फुटलं. गरम नळ आधी, नको गार आधी, संडास शेवटी, संडास पहिला, पंप हळू, पंप जोरात, आणि एक जण तर म्हणाला की हे सगळं अमावास्येच्या आसपास केलेलं बरं. वर्नाने प्रत्येकाकडे बघून मान डोलवली आणि पुस्तिकेत होतं तेच केलं. टाकी रिकामी केली. गिझर रिकामा केला. गिझरचा बायपास केला, म्हणजे औषध गिझरमध्ये न भरता बाहेरच्या बाहेर वळसा घालून जाईल अशी चावी फिरवली. (तळ्यावरच्या बऱ्याच पुरुषांची बायपास झालेली असल्यामुळे या टप्प्याला सगळे जरा सावरून बसतात.) मग पंपाची नळी कॅनमध्ये सोडली, पंप चालू केला, आणि एकेक नळ सोडत गेली.

आधी पाणी आलं. मग नळ शिंकले. मग आलं गुलाबी, बेसिनला, शॉवरला, संडासात, सगळीकडे, लग्नातल्या सरबतासारखं. एकाने टोपी काढली. वर्नाने प्रत्येक मोरीत कपभर औषध ओतलं, पंप बंद केला, आणि हात पुसत म्हणाली, झालं.

पण काम झालं, आणि काम झाल्याची खात्री झाली, या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, आणि सुधारलेल्या समाजाची ओळख दुसऱ्या बाबीवरून पटते.

रविवारी दुपारी हॉलमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. टर्की, क्रॅनबेरी, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, भोपळ्याचे पाय (हा पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड प्रकार). तळ्यावर दारांना कुलपं नसतात, पण कारणाशिवाय दुसऱ्याच्या ट्रेलरमध्ये शिरणंही बरं दिसत नाही. मान्यताप्राप्त कारण एकच आहे, भांडं परत द्यायला आलो होतो. तर टर्की संपून पाय यायच्या मधल्या वेळात पुरुष एकेक करून उठायला लागले. एकाला कुत्रा बघायचा होता. एकाची गाडीची काच उघडी राहिली होती. एक जण सिगरेट ओढायला गेला, त्याने सिगरेट सोडून पंचवीस वर्षं झाली होती. जाताना प्रत्येकाच्या काखेत एक रिकामं भांडं.

पहिला गेला ओरेस्ट. पंप चालू केला, स्वयंपाकाचा नळ सोडला, कपभर गुलाबी आलं. त्याला भरून आलं. नळ बंद केला, पंप बंद केला, भांडं टेबलावर ठेवलं, दार हळूच ओढून घेतलं, येऊन पायची फोड घेतली. त्याच्यामागून दुसरा गेला, त्यालाही कपभर आलं. मग तिसरा. तपासून काही बिघडत नाही, असं प्रत्येकाचं मत होतं आणि प्रत्येकाचं बरोबरच होतं. बिघडलं ते बेरजेने. कॅनमध्ये उरलेलं औषध संपलं आणि पंपाने हवा ओढायला सुरुवात केली. त्यानंतर जे गेले त्यांना नळातून नुसता खोकला ऐकू आला. ते घाबरले, आणि गुलाबी कुठे गेलं ते शोधायला त्यांनी शॉवर सोडला, संडासाचं पेडल दाबलं, बेसिनचे दोन्ही नळ सोडले, आणि पाइपात जे काही होतं तेही बाहेर काढून, ते होतं याची खात्री करून घेतली. सगळ्यांत शेवटी गेला गार्थ. त्याने नळ सोडला आणि त्याला मिळाला निव्वळ, कोरडा, शुद्ध वारा. वर्ना आपल्या पक्षात आली म्हणून त्याला इतका आनंद झाला, की पंप बंद करायचं राहूनच गेलं.

वर्ना परतली तेव्हा पंप आजारी म्हशीसारखा कण्हत होता. कॅन कोरडा. आणि टेबलावर तेरा भांडी, ज्यातली दोन तिची होती.

ती त्यातलं एक भांडं उचलून तशीच हॉलमध्ये गेली आणि कॉफीच्या टाकीजवळ उभी राहून विचारलं, माझ्या ट्रेलरमध्ये कोण गेलं होतं? लगेच सगळ्यांनी सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते कोणीच सांगितलं नाही. जे हॉल सोडून हललेही नव्हते त्यांनीही म्हटलं, इथे ती सवयच आहे. आयलीनने वर्नाच्या हातातलं निळ्या काठाचं भांडं ओळखलं आणि नवऱ्याकडे बघितलं. ओरेस्टने छताकडे बघितलं.

आता पाइपात काय आहे, कोणालाच माहीत नव्हतं. थोडं गुलाबी असेल. वारा असेल. आणि एखाद्या हुशाराने बाहेरचा नळ जोडून बघितला असेल तर पाणी असेल, म्हणजे मे महिन्यात ब्लेनचं गिऱ्हाईक. हे लक्षात आल्याबरोबर सगळे मदतीला धावले. ओरेस्ट आपला कॅन घेऊन आला, गार्थ लाल हातगाडी घेऊन आला, आणि दारात दोघं आधी कोण यावर अडले.

वर्ना क्षणभर बघत राहिली. हे पुन्हा भरणार, आणि पुन्हा बघायला येणार, हे तिला पायरीवरूनच दिसलं. मग तिने क्रुकेड स्पूनच्या इतिहासात कोणी केलं नव्हतं ते केलं. नेस्टरच्या हत्यारांच्या पेटीतून कुलूप काढलं आणि दाराला लावलं.

"वर्ना, एकदाच बघू दे," ओरेस्ट म्हणाला.

"एकदाच बघितलेली तेरा भांडी आहेत माझ्या टेबलावर."

"अगं पण आत पाणी असलं तर?"

"असलं तर असलं. आता फुटला तर माझा पाइप माझ्या हाताने फुटेल."

कुलूप बघून एका बाईने छातीवर क्रूस काढला.

हिवाळा नेहमीसारखा आला, म्हणजे जायचं नाव न घेता. फेब्रुवारीत पारा उणे एक्केचाळीसला गेला. ब्लेन दर रविवारी फोन करायचा. आई, मी जाऊन बघून येऊ का, नुसतं एकदा? नाही. त्याला नाही म्हणणं सोपं होतं हो, स्वतःला म्हणणं अवघड. एका दुपारी तर वर्नाने गाडी तापवली, किल्ली खिशात घातली, आणि तळ्याच्या फाट्यापर्यंत गेली. तिथे पेट्रोल पंपावर एक डोनट घेतला, गाडीत बसून खाल्ला, आणि परत आली. (अधिकृत नोंदीनुसार ती डोनटसाठीच गेली होती.)

मे महिन्यात कुलूप उघडलं. खुर्च्या अर्थातच लागलेल्या होत्या, थर्मास होते, एकाने तर मांडीवर घोंगडी घेतली होती. ब्लेनच्या फोनमध्ये गिऱ्हाईकाचा नंबर होता. वर्नाने बाहेरचा नळ जोडला आणि चावी फिरवली. एवढी माणसं एकाच वेळी गप्प बसलेली त्या तळ्याने कधी ऐकली नव्हती. पलंगाखाली आवाज नाही. तिने स्वयंपाकाचा नळ सोडला. आधी लांबलचक वारा आला. मग एक गुलाबी थुंकी आली. आणि मग पाणी, स्वच्छ, गार, न थांबता.

गार्थ उभा राहिला. "वारा. सगळ्यांनी ऐकलंय."

"गुलाबी," ओरेस्ट म्हणाला. "सगळ्यांनी बघितलंय."

हा वाद बर्गर भाजून होईपर्यंत चालला. ब्लेन टॉर्च घेऊन पलंगाखाली शिरला होता. तो केसांत कोळ्याची जाळी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, कोरडं आहे. मग जरा थांबून म्हणाला, "शॉवरखालचं राहिलं."

"मी बघितलंय," वर्ना म्हणाली.

"मी आपलं एकदा..."

"ब्लेन. कॉफी घेतोस, का घरी जातोस?"

त्याने कॉफी घेतली. पायरीवर वर्ना बसली होती, तिने सरकून जागा केली नाही, तो उभ्यानेच प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाईकाला फोन करून सांगितलं, ट्रेलर विकायचा नाहीये, पाइप चांगले आहेत.

तर अशी ही तळ्यावरची माणसं. तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे ना ट्रेलर, ना उणे एक्केचाळीस, आपण शहाणी माणसं. अगदी बरोबर. पण मघापासून तुमच्या मनात एक घोळतंय ना, की वर्नाने गिझरचा बायपास केला होता की विसरली होती? केला होता. वर स्पष्ट लिहिलंय. आणि हे स्पष्ट सांगितल्यावरही तुमचा अंगठा पान मागे उलटायला निघालाय. जा, बघून या. सावकाश या. तुमच्या आधी जे उठून गेले, तेही एकदाच बघायला गेले होते.