न उठलेला दरबार

नमन वास्तुपुरुषास, आणि नमन उंबरठ्यास, जो येणाऱ्यास आत घेतो आणि जाणाऱ्यास वाट देतो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. त्या राज्याचे राजे कधीच कैलासवासी जाहले, वंश सरला, आणि उरले काय, तर तळ्याकाठचा दरबारमहाल, त्यातली गादी, आणि वटवाघळे. मग रंगराव कोठारे म्हणोन कोणी हिकमती गृहस्थ पुढे जाहले आणि त्यांणी महालाचा मक्ता घेतला. रंगराव मोठे कसबी, पडक्या भिंतीतही त्यांस दुकान दिसे. त्यांणी वटवाघळे हाकलिली, आणि खांबांस तेलपाणी केले, आणि पाहुण्यांस फेटे बांधावयास माणसे ठेविली, आणि घरी जे पिठले कोणी नाक मुरडोन खाते तेच पत्रावळीवर घालोन ‘राजभोजन’ म्हणोन वाढिले. लोक हातातल्या काचेत आपलीच तसबीर घेत घेत जेवो लागले आणि वाहवा करो लागले. पिकते तेथे विकत नाही म्हणतात, ते रंगरावांनी खोटे पाडिले.

परंतु रिकामा महाल पाहोन लोक कंटाळतात, त्यांस दरबार भरलेला पाहिजे, ऐसे मनी आणोन रंगरावांनी हैबती चोपदार यास शोधोन काढिले. हैबतीचे घराणे पिढीजात चोपदारांचे. राजे असता याच घराण्याच्या ललकारीने दरबार भरे. हल्ली तो बाजारात उसाचा रस काढीत असे, परंतु ललकारी बापाकडोन पाठ होती. त्याचा धाकटा भाऊ लिंबाजी देखणा, मिशा भरघोस, म्हणोन त्यास राजा करोन गादीवर बसविले. आईवेगळा हा भाऊ हैबतीने आपल्या हाते वाढविलेला, त्यास भरजरी अंगरख्यात पाहोन त्याचा ऊर भरोन आला. मग रोज तिसरे प्रहरी हैबती चांदीची काठी आपटोन ‘हुशार! समस्त मानकरी हाजिर!’ ऐसी ललकारी देई, आणि पाहुणे मुजरे करीत, आणि शेवटी राजा विडे वाटी, अत्तर लावी, तेव्हा दरबार बरखास्त होई. हे विडेवाटप रंगरावांस खुपो लागले. एके दिवशी म्हणाले, “हैबतराव, विड्यांपायी लोक रेंगाळतात आणि राजभोजनाकडे फिरकतच नाहीत. विडे बंद करू. टाळ्या झाल्या की सरळ जेवायला!” हैबतीस बापाचे बोलणे आठवले, की बोलाविले त्यास निरोप दिल्याविना चोपदाराने पाठ फिरवू नये. परंतु वेशीवर त्याची तसबीर रंगरावांनी हत्तीएवढी लाविली होती, आणि मोठेपणा कोणास नको असतो? “बरं सरकार,” म्हणाला, आणि त्या दिवसापासोन विडे बंद जाहले.

मग महालात खुणा दिसो लागल्या. सकाळी ताणोन घातलेली बिछायत दुपारी कोणी न येताच रांगांनी दबलेली दिसे, जैसी पुष्कळ माणसे गुडघे मोडोन बसली आहेत. पाहुणे आत येत ते भिंतीस चिकटोन उभे राहात, मध्ये एवढी मोकळी जागा असता तीत कोणी पाऊल घालीना, आणि का घालीत नाही ते कोणास सांगता येईना. घोड्याच्या घामाचा वास येई. एक बाई दारातच थबकली आणि म्हणाली, “अहो, एवढ्या गर्दीतून मी पुढे कशी जाऊ? त्यांना जरा सरकायला सांगा ना!” महालात तेव्हा हैबती आणि लिंबाजी यांविना कोणी नव्हते. रंगरावांस हे कळले तो ते खुशीत येवोन म्हणाले, “लोकांना असंच हवं असतं,” आणि तिकीट वाढविले, तरी गाड्या वाढतच गेल्या. हैबती मात्र रोज ललकारी देई, आणि ललकारी संपता संपता त्याचे पाठीमागे कोणी श्वास सोडिला ऐसे त्यास वाटे, आणि तो मागे पाहात नसे. भ्याला होता, दुसरे काय?

एके दिवशी लिंबाजी त्यास म्हणाला, “दादा, गादीवरनं उठताना मांड्या जड व्हत्यात. फुडं कुणीतरी हात पसरून बसलंय अन् मी काय देतच न्हाई, असं वाटतंय.” हैबती बोलिला, “भरजरी अंगरख्याचा भार असंल, लिंब्या.” आपण खोटे बोलतो हे त्यास ठाऊक होते. आणि त्यानंतर थोडक्याच दिवसांत, टाळ्या झाल्या, पाहुणे भोजनास गेले, आणि राजा गादीवरोन उठेना. चौघांनी काखेत हात घालोन ओढिले, तो हलेना. पाय पाहिले तो तळ्याच्या पाण्यासारखे गार, आणि गारठा गुडघ्यांवर चढत चाललेला. “दादा, मला न्हे हितनं!” म्हणोन एवढा मिशाळ गडी पोरासारिखा रडो लागला. रंगराव धावत आले. माणूस धंद्याचा, परंतु काळजाचा वाईट नव्हे. हात जोडोन म्हणाले, “हैबतराव, धंदा गेला खड्ड्यात, पण पोराला सोडवा!”

मग हैबतीने बाजारातली होती नव्हती तेवढी पाने आणविली, विडे करविले, तबक भावापुढे धरिले आणि काठी आपटोन म्हणाला, “मानकऱ्यांनी विडे घ्यावेत!” लिंबाजी तळहातावर विडा ठेवी, आणि तो विडा उचलला जाई, आणि उचलणारी बोटे ओली लागत. एकामागोन एक ऐसे किती गेले त्याची गणती कोणी केली नाही. बिछायतीची एकेक रांग वर येवो लागली, महाल मोकळा होवो लागला, तबक सरले. तरी लिंबाजी उठेना. पाहतात तो सगळा गारठा दारात दाटलेला, विड्यांचा वास तेथेच, आणि उंबरठा कोणी ओलांडीना. हैबतीस उमजले, की इतके दिवस कोंडोन ठेविलेले हे लोक आपली वाट विसरले आहेत, आणि चोपदार पुढे चालल्याविना स्वारी निघत नाही.

त्याने काठी उचलली. लिंबाजीने त्याचा हात धरिला. “दादा, जाऊ नगंस. मी बसतो हितंच. राजाच हाय की मी!”

“येडा का खुळा तू? तुला बसवलं मी, त्यास्नी बोलावलं मी. आता पोचवायचं बी मलाच,” हैबती म्हणाला, आणि पटक्याच्या शेवाने भावाचे तोंड पुसले. भय त्यास बहुत वाटत होते, परंतु भावाचा गारठा कमरेपर्यंत आला होता. तो दारात गेला आणि “आस्ते कदम!” ऐसी ललकारी देवोन पायऱ्या उतरोन चालो लागला. लोकांनी पाहिले, की चालतो आहे एकच मनुष्य, आणि त्याचे मागे धुरळा उडतो आहे फौजेचा. तळ्याकाठी तो थांबला नाही. मग ललकारी पाण्यापलीकडोन ऐको आली, मग डोंगराकडोन, मग आली नाही. त्याच घटकेस लिंबाजीचे पाय सुटले आणि तो अनवाणी तळ्यापर्यंत धावत गेला, आणि दादा दादा करीत काठावर बसोन राहिला.

गादीवर पुन्हा बसावयास लिंबाजी कबूल होईना. रंगरावांनी नाटकमंडळीतला एक राजा आणविला, त्यास उठता बसता काही अडचण नाही. चोपदारी मात्र लिंबाजीने मागोन घेतली, कारण ललकारी त्याच्याही घराण्याची. आता रोज तिसरे प्रहरी तो समस्त मानकऱ्यांस हाजिर करितो, आणि विडेवाटप पुरते होते, एकही चुकत नाही. शेवटला विडा लिंबाजी स्वतः दाराशी नेतो आणि रिकाम्या जागी धरोन म्हणतो, “दादा, ये आता.” हे पाहोन पाहुण्यांचे डोळे वाहतात, का ते त्यांस समजत नाही, आणि रंगराव म्हणतात की महालात याहोन उत्तम चालणारे दुसरे काही नाही. येणेप्रमाणे राज्याचा वारसा राखिला गेला, मक्तेदारास बरकत आली, पाहुणे तृप्त होवोन परतले. लिहिणाराने हे दारात उभे राहोन पाहिले आहे. तो विडा सोडिताना लिंबाजीचा हात रोज थोडा अधिक थांबतो.