बाहीतली मलकिया

मांजर कुठे शिरणार, हे मांजराच्या आधी मला कळतं! बढाई नाही मारत. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या आमच्या लामू बेटावर माणसं मोजून आणि मांजरं अगणित. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटून त्याला वाट द्यावी. अशा गावात जन्म काढला, तोही ओट्यावर बसून टोप्या शिवत. म्हणजे काम हाताला, डोळे मांजरांना मोकळे!

तर माझा अभ्यास असा. मांजराला ऐसपैस जागा द्या, ते तुमच्याकडे पाठ करून बसेल. अडचणीची जागा दिसली की संपलं! मशिदीच्या दाराशी काढलेली चप्पल, मासळीवाल्याच्या तराजूचं पारडं, दोन गच्च भरलेल्या पोत्यांमधली फट. डोकं गेलं की अंग जातं, आणि अंग गेलं की डोळे मिटतात. मध्येच उठून कोऱ्या भिंतीकडे तास तास बघतात, कोनाड्यातली वाटी पंजानं हळूहळू कडेला आणून खाली पाडतात, आणि 'कोणी पाडली?' अशा तोंडानं आपल्याकडेच बघतात. हे सगळं मी पाठ केलं होतं. लोक मला विचारायला यायचे, "अबूद, आमची पांढरी सापडत नाही." मी सुई न थांबवता सांगायचो, "पिठाच्या डब्यामागे बघा." आणि असायची!

माझ्याकडे येऊन-जाऊन असणारी एक होती. लांब पायांची, करड्या अंगाची, राणीसारखी चालणारी. आमच्याकडे गल्लीतल्या मांजराला कोणी नाव देत नाही, पण मी दिलं. मलकिया. ते मला आणि माझा मित्र बकारी याला, दोघांनाच ठाऊक. त्या दिवसांत ती पोटुशी होती, अगदी आज-उद्यावर आलेली.

आणि माझं लग्न ठरलं होतं! हो, एकेचाळिसाव्या वर्षी! मुनावरा, म्हणजे मबारक मास्तरांची मुलगी. वय पस्तीस, हसरी आणि जिभेला धार. मास्तर म्हणजे लामूतले सगळ्यात कडक शिंपी. त्यांनी आतापर्यंत सात स्थळं परत पाठवली होती. एकाच्या कॉलरला मळ होता म्हणून, एकाचं बटण तुटकं होतं म्हणून! मला होकार दिला तोही अटीवर. लग्नाचा कांझू, म्हणजे आमचा घोट्यापर्यंतचा पांढरा झगा, त्यांनी स्वतः शिवला. सकाळी घरी आणून दिला आणि म्हणाले, "अबूद, कापड सांभाळता येतं त्याला माणूस सांभाळता येतं. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजेनंतर निकाह. तोवर यातला एक टाका जरी उसवला, तर तू तुझ्या घरी आणि मुलगी माझ्या घरी!"

"मास्तर, तुम्ही निर्धास्त असा," मी म्हणालो. हे वाक्य माणसानं कधीही बोलू नये.

मी कांझूला ऊदाची धुरी दिली, पलंगावर पसरून ठेवला, दोन्ही बाह्या नीट लांब केल्या. राहिली टोपी. ती मी चार महिने खपून स्वतः शिवलेली, बारीक बारीक भोकांची, उन्हात धरली तर डोक्यावर चांदणं पडावं अशी. आणि मलकियेला टोपीत बसायचं वेड! म्हणून ती मी अशा जागी लपवली की जगातल्या कुठल्याही मांजराला सापडू नये. मग बकारीच्या बायकोनं पाठवलेला पुलाव जेवलो. दोनदा वाढून घेतला. जमिनीवर चटई टाकून जरा कलंडलो.

बाहेर समुद्रावरून उत्तरेचा वारा येत होता. खिडकीतून माडांची सळसळ, लांब कुठे शिडाच्या होडीवर कोणी गुणगुणत होतं, खोलीत ऊदाचा धूर तरंगत होता. मला स्वप्न पडलं. स्वप्नात मीच मांजर! समोर एक पांढरा बोगदा, मऊ, उबदार. मी आत शिरलो. चारी बाजूंनी अंगाला काहीतरी लागत होतं आणि इतकं बरं वाटत होतं की काय सांगू! एवढ्या मोठ्या घरात मी एकटा राहिलो, पण सगळीकडून अंगाला लागणारी ऊब मला कधी मिळाली नव्हती. बोगद्याच्या टोकाला मुनावरा हसत उभी होती. मी आणखी पुढे सरकलो...

आणि जागा झालो. उन्हं कलली होती. पलंगावर पाहतो तर कांझूची उजवी बाही कोपरापाशी टम्म फुगलेली! आणि श्वास घेत होती! वर... खाली... वर... खाली...

"बकारी!" मी कुजबुजत ओरडलो. कुजबुजत ओरडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याला तयार करायला आलेला बकारी धावत वर आला. "काय झालं?"

"मलकिया बाहीत झोपलीय."

"मग ओढ की बाहेर!"

"अरे, हात लावू नकोस! झोपेत बिचकली तर नखं बाहेर काढेल. कापडाच्या चिंध्या होतील! आणि ती पोटुशी आहे, बाबा!"

बकारीनं गुडघे टेकले, मनगटाच्या तोंडातून आत डोळा लावला. मग म्हणाला, "अबूद, डोळे दिसतायत."

"दिसणारच."

"दोन नाहीत रे. पुष्कळ आहेत! बारीक बारीक, चकाकणारे!"

मी डोकं धरलं. "अरे देवा! व्याली!"

आता काय करायचं? मास्तरांचा कांझू आता बाळंतिणीची खोली झाला होता. मी म्हटलं, मांजराचा अभ्यास काय उगाच केला? मासा! खाली जाऊन तळलेला मासा आणला, बाहीच्या तोंडाशी धरला. वासानं खिडकीतून एक मांजर आलं. मग दोन. मग जिन्यावरून पाच. कौलावरून, माळ्यावरून, कुठकुठून! मोजली तर अकरा मांजरं पलंगाभोवती गोल करून बसली. बाही मात्र शांत. वर... खाली...

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोल! मला घ्यायला वरात आली होती. पुढे ढोलवाला फुमो, आणि त्याचा ढोल म्हणजे कसला, वाजला की समोरच्या बेटावरची गाढवं उत्तर देतात. तो ढोल या खिडकीखाली वाजला असता तर? मी बकारीला म्हटलं, "थांबव त्यांना!"

बकारी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लटकला. "ए! वाजवू नका! आवाज बंद! वर मलकिया झोपलीय! ती उठल्याशिवाय नवरा खाली येणार नाही!"

एकदम शुकशुकाट. फुमोनं ढोल ओट्यावर आडवा ठेवला. पांढऱ्या कपड्यांतली चाळीस माणसं गल्लीत उभी, कोणी खोकतसुद्धा नाही. त्या शांततेत फक्त एक गोष्ट चालू होती. माणसाच्या तोंडापासून शेजारच्या कानापर्यंतचा प्रवास! पहिल्या वळणावर ती बातमी होती, "नवऱ्याच्या घरात कोणीतरी झोपलीय." दुसऱ्या वळणावर, "मलकिया नावाची बाई आहे." मास्तरांच्या दारात पोचेपर्यंत, "अबूदच्या पलंगावर मलकिया नावाची बाई आहे, आणि आत्ताच बाळंत झाली!"

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी बाहीपाशी बसून घाम पुसत होतो. असरची अजान व्हायला थोडाच वेळ उरला होता. नवरा वेळेवर पोचला नाही तर मास्तर दार लावणार. मांजर ओढलं तर कापड फाटणार आणि पिल्लं दुखावणार. लहानपणी मदरशात ऐकलेली गोष्ट आठवली. एका सत्पुरुषाच्या बाहीवर मांजर झोपलं होतं, त्यानं मांजराला उठवलं नाही, बाहीच कापली. आमच्या गावात ही गोष्ट पोरासोरांना पाठ. पण त्या सत्पुरुषाला शिंपी सासरा नसावा!

"बकारी," मी म्हणालो, "माझी सुई आणि छोटी कात्री दे."

"वेडा झालास? एक टाका उसवला तर लग्न मोडलं!"

"माहीत आहे."

खरं सांगतो, डोळ्यांपुढे मुनावरा येत होती. पण त्या बाहीला, त्या उबेला धक्का लावायचं माझ्या जिवावर आलं. स्वप्नात नुकताच मी तिथूनच तर आलो होतो!

खांद्याची शिवण घेतली. कापडाला कात्री लावली नाही. टाका सुईनं अलगद उचलायचा, कात्रीच्या टोकानं तोडायचा, दोरा ओढून घ्यायचा. मग पुढचा. टोपीवाल्याचा हात आहे, भोकाच्या कडेवरून चालायची सवय. अकरा मांजरं बघत होती. मी मधूनमधून म्हणत होतो, "झोप हं मलकिया, झोप बाई."

"कोणाला झोपवतोयस रे!"

दारात मबारक मास्तर! मागे त्यांची बहीण रुकिया आत्या, हातात काठी! मास्तरांचा आवाज फाटला होता. "कुठे आहे ती? कुठे आहे ती मलकिया?"

"मास्तर, हळू! बाहीत आहे."

"बाहीत?" आत्या पुढे सरसावली. "बाई बाहीत कशी जाईल?"

"बाई नाही आत्या, मांजर! आणि तिची पिल्लं!"

आत्यानं अकरा मांजरांवरून नजर फिरवली. "मग या सगळ्या कोण? सुइणी?"

मास्तर मात्र उसवलेल्या शिवणीकडे बघत होते. शेवटचे चार टाके राहिले होते. मी म्हणालो, "मास्तर, तुमची अट मोडली. मला ठाऊक आहे. मुलगी तुमच्या घरी राहू दे. पण आत जीव आहे हो, मला ओढवेना." आणि चारही टाके तोडले.

मास्तरांनी वाकून खांद्याची कड बोटांत धरली. उजेडाकडे नेली. उलटी केली, सुलटी केली. "कापडाचा एक धागा तुटला नाही," ते सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षं शिवतोय. माझी शिवण इतक्या मायेनं कोणी उसवली नव्हती." त्यांनी घसा खाकरला. "अट मीच घातली होती. कापड सांभाळलंस. घाल जसा आहे तसा, आणि चल! अजान होईल!"

मला रडूच आलं! मी सुटी झालेली बाही दोन्ही हातांवर घेतली, बाळ घ्यावं तशी, आणि खांद्याच्या बाजूनं हळूच मोकळी केली. सगळे वाकून बघायला लागले. बाहीतून घरंगळत बाहेर आली...

माझी टोपी.

खिडकीतून वारा आला, रिकामी बाही माझ्या हातावर फुगली आणि खाली बसली. वर... खाली... टोपीच्या शेकडो बारीक भोकांतून ऊन चकाकलं.

"अगं बाई!" रुकिया आत्या म्हणाली. "मलकियेला टोपी झाली!"

मांजराला सापडू नये अशी जागा! पुलावाच्या सुस्तीत मीच टोपी बाहीत कोंबली होती, आणि झोपेत ती जागा मलाच सापडेनाशी झाली. मास्तर माझ्याकडे असे बघत होते की मी टोपी पटकन डोक्यावर घालून निम्मं तोंड झाकलं.

खाली उतरलो. एक बाही आहे, एक नाही, काखेत सुटी बाही. आत्यानं खिडकीतूनच जाहीर केलं होतं, "बाई नाही, टोपी आहे! वाजव रे!" फुमोनं ओट्यावरचा आडवा ढोल उचलला. ढोलाच्या उघड्या तळातून आवाज आला, "म्याँव."

सगळी गल्ली माझ्याकडे वळली. आत मलकिया होती. खरीखुरी! आणि तीन पिल्लं, ओली, डोळे मिटलेली. जगातली सगळ्यात अडचणीची, सगळ्यात उबदार जागा, आणि माझ्याच हुकमानं कोणी वाजवत नव्हतं!

"काय अबूद," बकारी म्हणाला, "मांजर कुठे शिरणार, तुला आधी कळतं ना?"

मग माझी वरात निघाली. लामूत तशी वरात झाली नसेल. ढोल चौघांनी पालखीसारखा आडवा धरलेला, कोणी बोलत नाही, फक्त चपलांचा आवाज, वरून वाऱ्यानं आलेला मोगऱ्याचा वास, आणि मागे माशाच्या आशेनं अकरा मांजरं ओळीनं. अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या भिंती माझ्या खांद्यांना लागत होत्या. उघड्या हाताला जरा जास्तच. मी स्वप्नात आहे की जागा, हे मला मशिदीच्या पायरीपर्यंत कळलं नाही.

निकाह झाला. मुनावराच्या खोलीत गेलो तेव्हा ती हसू दाबत बसली होती. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "आधी सांगा, मलकिया बरी आहे ना?"

फुमो अजून माझ्याशी बोलत नाही. पिल्लं चालायला लागेपर्यंत त्याला ढोल मिळाला नाही. मास्तरांनी कांझूला नवी बाही लावून दिली. जुनी बाही मी मलकियेसाठी जपून ठेवली. तोंड रुंद केलं, आत मऊ कापूस घातला, वाऱ्याच्या खिडकीशी, उबेच्या कोपऱ्यात मांडली. दोन वर्षं झाली. मलकिया शिवणयंत्राच्या खणात झोपते, चहाच्या भांड्यात झोपते, सासऱ्यांच्या चपलेत झोपते. बाहीकडे ढुंकून बघत नाही.

परवा मी म्हटलं, "मुनावरा, हिला बाही का आवडत नाही, काही केल्या कळत नाही."

"तिनं लग्नाच्या दिवशीच ढोलातून सांगितलं होतं," मुनावरा म्हणाली. "तुम्ही टोपीचं ऐकत होतात."