सुनंदाबाईंचे बारमाही टायर

सोनगीर सोडून गाडी दोंडाईच्याच्या रस्त्याला लागली आणि पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा सुनंदाबाईंच्या फियाटचा टायर बसला. एकोणनव्वद सालचा एप्रिल होता. सकाळचे नऊ वाजले होते आणि डांबर आतापासूनच चपलेला चिकटत होतं.

सुनंदाबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. राहायला धुळ्याला, देवपुरात, आणि शाळा दोंडाईच्याला. जाऊन येऊन रोजचे सव्वाशे किलोमीटर. एका निवृत्त डॉक्टरांची जुनी फियाट त्यांनी घेतली, स्वतः चालवायला शिकल्या, आणि तेव्हापासून रोज दोन शिक्षकांना बरोबर नेऊ लागल्या. पुढे विज्ञानाच्या लताबाई बसत, मागे गणिताचे रतिलाल सर. सरांचं काम म्हणजे पंक्चर झालं की जॅक लावणं.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्या चिंधाने चाक खोललं, टायरवरून हात फिरवला आणि मग उरलेल्या तिन्ही चाकांवरूनही फिरवला.

"काय झालं?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"बाई, पंक्चर मी काढी देस," चिंधा म्हणाला. "पन आते हाऊ टायर टायर राहयना नही. बठ्ठा असाच शेतस. पानी पडनं म्हंजे गाडी नावना मायक चाली."

चारही टायर तसेच, आणि पाऊस पडला की गाडी नावेसारखी चालणार, ही कल्पना लताबाईंना फारशी रुचली नाही. पाऊस सुरू झाल्यावर आपण एसटीने येऊ, असं त्या हळूच म्हणाल्या. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नापास मुलीच्या वडिलांशी बोलताना असायचा तोच चेहरा होता.

"एसटी लागणार नाही. मे महिन्यात टायर घेऊ. उन्हाळ्यात पाघळणार नाही, पावसाळ्यात घसरणार नाही, हिवाळ्यात तडकणार नाही असा. बाराही महिने चालणारा. शोधला की सापडतो."

सुट्टी लागली आणि शोध सुरू झाला. सुनंदाबाईंचे यजमान तोताराम बांधकाम खात्यात होते. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, पण रस्ते आमचंच खातं करतं, या एका आधारावर टायर हा विषय ते आपला समजत.

"दुकानदार तुला फसवतील. मी येतो बरोबर," ते म्हणाले.

"या," सुनंदाबाई म्हणाल्या.

आग्रा रोडवरच्या पहिल्या दुकानात मालकाने सुनंदाबाईंना खुर्ची दिली आणि तोंड तोतारामांकडे वळवलं. "बोला नाना, गाडी कोणती?"

"फियाट," सुनंदाबाई म्हणाल्या.

"कितीक चालते नाना रोज?"

"सव्वाशे किलोमीटर," सुनंदाबाई म्हणाल्या.

"नाना, तुम्ही वळणावर गाडी जोरात घेता का?"

तोताराम या प्रश्नाने सुखावले. "थोडी घेतो," ते म्हणाले.

सुनंदाबाई उठल्या आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेल्या. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही यायचं, पण बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षाऐवजी फियाट काढली आणि बरोबर एक दोनशे पानी वही घेतली. पानावर पाच प्रश्न लिहिले. टायर कधी बनला? तापलेल्या डांबरावर तो कसा वागतो? ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर किती पुढे जातो? काळी माती त्यात किती भरते? आणि पाचवा, हा टायर तुम्ही स्वतः वापरला आहे का? प्रत्येक प्रश्नाला दहा गुण. तोंडी परीक्षा झाली की त्या पानाखाली तारीख घालत आणि शाळेच्या सवयीने वही दुकानदारापुढे करत. "इथे सही करा."

दुकानदार सही करताना थबकत. मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या गृहस्थांकडे जाई. तोताराम कचेरीतून परस्पर आलेले असत. हातात सरकारी शिक्क्याची चामडी पिशवी आणि बोलायला बंदी. मग ते नुसतेच फळीवरचा माल खालून वर आणि वरून खाली बघत राहत.

पहिल्या तीन दुकानांत कोणालाही पन्नासपैकी वीसच्या वर गुण मिळाले नाहीत. पाचव्या प्रश्नाला तर सगळेच नापास. चौथ्या दुकानात त्यांच्यासाठी थंड सरबत आलं. पाचव्या दुकानात मालकाने खांद्यावरच्या पंच्याने स्वतः खुर्ची पुसली आणि "बाईसाहेब" म्हटलं.

"बघा," बाहेर आल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "पद्धतशीर विचारलं की लोक नीट वागतात."

सहावं दुकान बंद होतं. सातव्याचं शटर त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आलं. एक चप्पल बाहेर राहिली होती, ती एका हाताने खालून आत ओढून घेतली. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांची राखाडी फियाट पांझरा नदीचा पूल उतरून आली की टायरच्या दुकानांना एकदम दुपारच्या जेवणाची वेळ होऊ लागली, मग घड्याळात सकाळचे दहा का असेनात.

खुलासा तोतारामांच्या कचेरीत झाला. चहा पिताना शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणाले, "ऐकलं का तोतारामभाऊ? विक्रीकराच्या एक बाई आल्यात. टायरवाल्यांच्या मागे लागल्यात. वहीत जबाब लिहून सह्या घेतात म्हणे. माझा मेव्हणा दुकान टाकून दोन दिवस शिरपूरला जाऊन बसला."

तोतारामांनी कप खाली ठेवला. "एकट्याच असतात का?"

"नाही, बरोबर एक मुका शिपाई असतो."

संध्याकाळी त्यांनी हे घरी सांगितलं. अफवेपेक्षा त्यांना शिपाई जास्त लागला होता. सुनंदाबाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. पण हसणं ओसरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आता अख्ख्या धुळ्यात आपल्याला कोणी टायर विकणार नाही.

"जळगावला जाऊ," तोताराम म्हणाले.

"या टायरवर?"



जून उजाडला, शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं. दहावीच्या वर्गाला मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला अधिकारी येणार होते, अठ्ठावीस तारखेला, बुधवारी, सकाळी नऊ वाजता. सुनंदाबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. शाळा नववीपर्यंतच होती. दहावीला मुलांच्या शाळेत पाठवायला घरचे तयार नसत. गेल्या वर्षी नववी पास झालेल्या अकरा मुलींपैकी तिघींची लग्नं झाली होती आणि पहिली आलेली मुलगी मिरच्या खुडायला जात होती. या मान्यतेसाठी बाई तीन वर्षं अर्ज करत होत्या.

त्यातच पाऊस आला. पहिल्या सरीत देवपुरातल्या साध्या वळणावर गाडी आपणहून आडवी झाली. रतिलाल सरांनी मागे डोळे मिटून घेतले. "बाई," ते म्हणाले, "अठ्ठावीस तारखेला या टायरवर नको."

रविवारी सकाळी सुनंदाबाई एकट्याच निघाल्या. वही घरी ठेवली. हमरस्त्यावर शहराच्या बाहेर रुपचंद नावाच्या माणसाचं ट्रकच्या टायरांचं दुकान होतं. मोटारीचे टायर तो फारसे ठेवत नसे. फियाट दारात थांबलेली पाहून तो आत गेला आणि पावतीपुस्तकांचा ढीग घेऊन बाहेर आला.

"या बाईसाहेब. दहा वर्षांची आहेत. बसून तपासा. मी लपवायचा माणूस नाही."

"रुपचंदभाऊ, मी मास्तरीण आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "मला पावत्या नकोत, टायर पाहिजेत."

रुपचंदने त्यांच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि ढीग खाली ठेवला. त्याने त्यांना टायर दाखवलाच नाही. तो गाडीपाशी गेला, उकिडवा बसला आणि एकेका चाकावरून तळहात फिरवू लागला.

"बाई, तुम्ही ब्रेक उशिरा मारता."

"मारते."

"समोरून ट्रक आला की डावीकडे मातीत उतरता."

"सगळेच उतरतात."

"उतरतात सगळे. पण तुम्ही लगेच फिरून रस्त्यावर चढता, रागाने. हा डावा टायर बघा, कड सगळी खाल्ली आहे. रस्ता तुझ्या बापाचा नाही असं त्या ट्रकवाल्याला सांगितल्यासारखं चढता."

सुनंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा एका दुकानदारापुढे लाजल्या. "मग कोणता घेऊ?"

"साधा घ्या. मधे सरळ पन्हाळ्या, कडेला लहान ठोकळे. पन्हाळीतून पाणी निघून जाईल, ठोकळे जरा माती धरतील. खोल नक्षीचा मोठा टायर दिसायला भारी, पण आपली काळी माती त्यात बसली की निघत नाही, अन मग तो पाटीसारखा गुळगुळीत होतो. हवा सकाळी गार असताना भरा. अन चढताना घाई करू नका."

"तुम्ही स्वतः वापरला आहे का?"

"मुलीकडे दिलाय. जावई चालवतो," रुपचंद म्हणाला. "जावयाला वाईट माल देऊन कोण रोज रडणं ऐकेल?"

उत्तराला दहापैकी दहा गुण होते. संध्याकाळपर्यंत त्याने चार टायर मागवून गाडीला बसवूनही दिले.

अठ्ठावीस तारखेला पहाटेपासून पाऊस लागला होता. सहाला गाडी निघाली. नवे टायर ओल्या रस्त्यावर शांतपणे चालत होते. समोरून ट्रक आला की सुनंदाबाई खाली उतरत आणि दात आवळून सावकाश वर चढत. चिमठाण्याच्या अलीकडे त्यांना एक सरकारी जीप दिसली. ट्रकला वाट द्यायला ती कडेला उतरली होती आणि तिथेच कलंडून बसली होती. चाकांची खोल नक्षी काळ्या मातीने लिंपली गेली होती. छत्री घेतलेले एक गृहस्थ रस्त्यात उभे होते, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बूट आणि काखेत फाइल.

"दोंडाईच्याला जाता का?" त्यांनी विचारलं. "नऊ वाजता एका शाळेची तपासणी आहे."

रतिलाल सर मागच्या मागे सरकून एका कोपऱ्याला चिकटले. सुनंदाबाई म्हणाल्या, "बसा. मीच त्या शाळेची मुख्याध्यापिका."

ड्रायव्हरला जीपपाशी ठेवून अधिकारी गाडीत बसले. पुढे बुराई नदीच्या फरशी पुलावरून वीतभर गढूळ पाणी वाहत होतं. सुनंदाबाईंनी गाडी थांबवली, खाली उतरून पाण्यात चार पावलं चालून पाहिलं, परत आल्या आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली. अधिकाऱ्यांनी एका हाताने पुढची सीट आणि दुसऱ्या हाताने रतिलाल सरांचा गुडघा धरला होता. पलीकडच्या चढावर मागची चाकं एकदा फिरली, मग त्यांनी जमीन धरली आणि गाडी वर आली.

"छान चालवता," अधिकारी म्हणाले. गुडघा मात्र त्यांनी सोडला नाही. "रोज एवढ्या लांबून येता?"

सुनंदाबाई काही बोलायच्या आत रतिलाल सर अभिमानाने म्हणाले, "साहेब, तीन वर्षं झाली. धुळे ते दोंडाईचा रोज. एक दिवस खाडा नाही."

"असं?" म्हणत साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी टिपून घेतलं. लताबाईंनी सुनंदाबाईंकडे बघून हळूच मान हलवली. चांगलंच लिहिलं असणार.

नऊला पाच कमी असताना गाडी शाळेच्या फाटकात शिरली. साहेबांनी वर्ग पाहिले, प्रयोगशाळेचं कपाट उघडून पाहिलं, मुलींना भूमितीचं एक प्रमेय विचारलं आणि तीन जणींनी ते एकदम सांगितल्यावर त्यांना गप्प करता करता दमले. जाताना त्यांनी सुनंदाबाईंना नमस्कार केला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. शिक्षकांच्या खोलीत सुनंदाबाईंनी ते मोठ्याने वाचलं. दहावीच्या वर्गास मान्यता देण्यात येत आहे. लताबाईंनी टेबल वाजवलं. रतिलाल सर पेढे आणायला निघालेच होते.

"थांबा सर, एक अट आहे," सुनंदाबाई म्हणाल्या आणि आवाज न बदलता पुढचं वाक्य वाचलं. "मुख्याध्यापिका दररोज धुळ्याहून ये-जा करीत असल्याचे तपासणीवेळी निदर्शनास आले. तरी त्यांनी पंधरा दिवसांत शाळेच्या गावी वास्तव्यास यावे, अन्यथा मान्यता रद्द समजण्यात येईल."

रतिलाल सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कडुनिंबाखाली फियाट उभी होती. नव्या टायरांवरचे रबराचे बारीक केस अजून झिजलेसुद्धा नव्हते.

"पेढे आणा सर," सुनंदाबाई म्हणाल्या. "दहावीत बसणाऱ्या मुली सत्तावीस आहेत, त्या हिशोबाने आणा."

संध्याकाळी देवपुरातल्या घरी तोतारामांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"म्हणजे घर शोधावं लागणार," ते म्हणाले. "चार-सहा ठिकाणं बघावी लागतील. रविवारी जाऊ."

"मी आजच घेतलं. शाळेपासून दोनशे पावलांवर. यशोदाबाई म्हणून एकट्या राहतात, त्यांच्या मागच्या तीन खोल्या."

"पाणी कसं आहे? भिंतींना ओल आहे का? शेजार कसा?"

"विचारलं नाही."

तोतारामांनी पत्र खाली ठेवलं. "टायरला दोन महिने लागले आणि घर मधल्या सुट्टीत घेतलंस?"

"मधल्या सुट्टीत नाही. मधल्या सुट्टीत पेढे वाटले. घर शाळा सुटल्यावर घेतलं."

"आणि माझी कचेरी धुळ्याला आहे, त्याचं काय?"

सुनंदाबाईंनी ताट वाढायला घेतलं. "सकाळी सव्वासातला तिथून एसटी निघते. मी चौकशी करून आले आहे. उजव्या बाजूच्या खिडकीपाशी बसत जा, डावीकडून ऊन लागतं."