जंगलाची पाळी

मोहाच्या झाडाने जंगलराखणीची आपली पहिली पाळी बुधवारी केली, आणि ती नीट केली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर काही लोक अजून त्या झाडावर फोडतात, आणि मला ते पटत नाही.

मी सुगंधा आत्राम, कोसमटोल्याच्या वन समितीची सचिव. शनिवारी शाळेतल्या पोरांना निसर्ग शिक्षण देते तीही मीच. त्यासाठी तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं, तिथे मला गुंडाळायचे तक्ते आणि एक छत्री मिळाली. आमचं जंगल आम्हीच राखतो, आणि त्याची पद्धत सोपी आहे. गावाची एक काठी आहे. ती ज्याच्या दाराशी टेकलेली दिसेल त्या घराने दुसऱ्या दिवशी जंगलात फिरायचं. कोणी तोड करताना सापडला तर त्याची कुऱ्हाड आणून समाजमंदिरात ठेवायची आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दाराशी टेकवायची. घरात लग्न असो की मयत, काठी आली की जायचं. शेवटच्या फेरीत ज्याने पाळी केली नाही, त्याला ग्रामसभेत तोंड नाही. त्याने बसायचं, ऐकायचं आणि उठून घरी जायचं. या नियमाचं बाहेरच्या लोकांनी फार कौतुक केलं, आणि आम्हीही ते मान हलवत ऐकून घेतलं.

चूक रुषी शेडमाकेची. आदल्या दिवशी, मंगळवारी, त्याच्या पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. पाळी करून तो घाईघाईने आला आणि सवयीने काठी शेजारी टेकवून मोकळा झाला. शेजारी म्हणजे सोमाजी उईकेचं घर, गावातलं शेवटचं. पण सोमाजी केव्हाच लेकीकडे राहायला गेला होता, घर बसलं होतं, आणि दाराच्या जागी मोहाचं झाड उभं होतं.

सकाळी पाहतो तर काठी नाही आणि मोहही नाही, नुसता खड्डा. रुषीची बायको तांदूळ निवडत होती, ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. संध्याकाळी मोह परत आला, सावकाश, जसं झाड येतं तसा, आणि आपल्या खड्ड्यात उभा राहिला. येताना त्याने काठी मागच्या तेंदूला टेकवली होती, कारण त्याचा शेजारी तोच.

पैकाजी कोडापे आमचे अध्यक्ष. म्हातारे आहेत, पण नजर पक्की. त्यांनी वाकून मुळं पाहिली.

"नाल्यापलीकडची माती हाये," ते म्हणाले. "पुरा फिरला."

"पण झाड कसं जी फिरलं?" रुषीने विचारलं.

"तू काठी टेकवली नं त्याले? मंग का करन बिचारा?"

पैकाजी समाजमंदिरात गेले आणि चटकन बाहेर आले. आत एक कुऱ्हाड ठेवलेली होती. ती त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. पैकाजींनी गोठ्याच्या खांबासाठी एक बल्ली तोडली होती, आणि तीही सागाची. अध्यक्षाला कोण हटकणार, असं त्यांना वाटलं असावं. हटकलं मोहाने. सभेत मोहाला बोलावलं तेव्हा काही बायका उठून निघाल्या, त्यांना पैकाजींनीच थांबवलं. "बसा. यानं पाळी केली. याले तोंड हाये. हा आपलाच कायदा हाये." मोहाने जे पाहिलं ते सांगितलं, वाढवून नाही आणि लपवूनही नाही. त्याचा आवाज ऐकून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण तो आमच्यासारखाच बोलत होता. पैकाजींनी स्वतःलाच दंड ठोठावला, शाळेतल्या रोपांना उन्हाळाभर पाणी घालायचा, आणि तो पाळलाही.

काठी मात्र गावात परत येईना. तेंदूने ती ऐनाला टेकवली, ऐनाने धावड्याला, धावड्याने बिब्याला. रोज एक झाड जाई आणि संध्याकाळी आपल्या खड्ड्यात येऊन उभं राही. तोड थांबली, वणवा लागला नाही. आम्हाला सुरुवातीला बसलेला धक्का ओसरला आणि मग बरंच वाटायला लागलं, हे कबूल करायला हवं. रुषीने पोरीचं लग्न निवांत उरकलं. मी माझे वर्ग वाढवले. शाळेच्या कुंपणापाशी तेंदू आणि मोह येऊन उभे राहू लागले. मी तक्ता लावून पोरांना म्हणायला लावी, "जंगलाला माणसाची गरज नसते. माणसाला जंगलाची गरज असते." पोरं ओरडून म्हणत. मागून पानंही सळसळत, आणि मला अभिमान वाटे.

मग लांजेवार साहेब आले. पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे होतं. पट्टेदार वाघाचं क्षेत्र म्हणून आमच्या जंगलाचं नाव लागलं होतं. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी सांगितलं, "गाव आणि जंगल एका जागी राहू शकत नाही, असा निर्णय झाला आहे. एकाने हलायचं आहे. जाणं स्वेच्छेने, ग्रामसभेच्या ठरावाने. तालुक्याजवळ भातगिरणीच्या मागे जागा ठेवलेली आहे, प्लॉट पाडलेले आहेत."

गाव पेटून उठलं. माझी माय मोहाच्या रांगेत पुरलेली आहे, तिच्या आधीची माणसंही तिथेच. आमचा देव तिथेच, एका जुन्या ऐनाखाली, त्याला आम्ही साज म्हणतो. मी घरोघर फिरून सांगितलं, सगळ्यांनी एका आवाजात नाही म्हणायचं. सगळे हो म्हणाले. माझ्या मनात शंका नव्हती.

ठरावाच्या दिवशी समाजमंदिरात मावणार नाही म्हणून शाळेच्या पटांगणात सभा घेतली. आम्ही सतरंज्यांवर बसलो. झाडं कुंपणापासून थेट टेकडीपर्यंत उभी होती. साहेबांनी ठराव वाचला. मी हात वर केला.

पैकाजी माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली.

"ताई, शेवटच्या फेरीत तू पाळी केली का?"

मी मागे वळून पाहिलं. रुषीनेही हात वर केला होता, तो त्याने खाली घेतला. शेवटची अख्खी फेरी झाडांनी केली होती. आमच्यातल्या एकाही घराने केली नव्हती. एवढ्या माणसांत एकालाही तोंड नव्हतं, अध्यक्षांनाही नाही.

"पैकाजी, हे बरोबर नाही," मी म्हणाले.

"बरोबर हाये. म्हणूनच तर कठीण हाये. खाली बस, माय."

मी खाली बसले. मोह पुढे आला. त्याने साहेबांना विचारलं, "साहेब, ठरावात कोण हलायचं ते लिहून हाये का?"

लांजेवार साहेबांनी कागद पुन्हा वाचला. बराच वेळ वाचला. "दोघांपैकी एकाने, एवढंच आहे," ते म्हणाले. "आमचा समज वेगळा होता. पण तसं लिहिलेलं नाही."

"मंग आमी जातो."

माझ्या शेजारच्या म्हातारीने माझं मनगट घट्ट धरलं. मला ओरडायचं होतं, पण तोंड नव्हतं.

"ह्यायची येथं घरं हायेत," मोह म्हणाला. "देव हाये. पुरलेली माणसं हायेत. ह्यायले नेलं तर हे जगत नाही. आमाले माणसाची गरज नसते, आमचं कुठंबी भागते. हे आमी ताईच्या वर्गात शिकलो. ताईनं लई जीव लावून शिकवलं."

साहेबांनी विचारलं, सर्वानुमते का? टेकडीपर्यंतच्या साऱ्या फांद्या वर झाल्या. त्यांनी तसं लिहून घेतलं. एक अडचण त्यांना दिसत होती, प्लॉट लहान पडतील, पण ती वरच्या पातळीवर मांडता येईल असं ते म्हणाले.

जंगल सोमवारी निघालं. आम्ही दारात उभं राहून पाहिलं. पुढे साग, मग ऐन, धावडा, बांबूची बेटं एकमेकांना सांभाळत. मधोमध रानडुकरं, भेकरं आणि वाघ. वाघाने आमच्याकडे पाहिलं नाही, आम्हीही त्याच्याकडे पाहिलं नाही. देवाचा साज जाताना पैकाजींनी त्याला विचारलं, "देवाले नेता का?" साज म्हणाला, "नाई जी. देव तुमचा." देवाचा दगड तिथेच उघडा राहिला. मायवर सावली धरणारी झाडं गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नाला बराच वेळ वाट पाहत होता, मग तोही त्यांच्यामागे वळला.

मोह सर्वांत शेवटी निघाला. निघण्याआधी त्याने काठी आणून माझ्या दाराशी टेकवली. बिब्याच्या पुढची पाळी टेकडीवरच्या झाडांनी संपवली होती, आणि तिथून फिरून येताना पहिलं घर माझंच लागतं. मी त्याला म्हणाले, "थांब नं बाप्पा." तो म्हणाला, "ठराव झाला ताई," आणि गेला.

भातगिरणीच्या मागे त्यांचं बरं चाललंय असं ऐकते. तिथे रस्त्याला दिवे आहेत, त्यामुळे पाखरं उशिरा झोपतात म्हणे. शाळेतलं निसर्ग शिक्षण तूर्त बंद आहे. पोरं विचारतात, पण तक्ते उघडायला माझे हात धजत नाहीत.

मंगळवारी सकाळी मी भाकरी बांधली, छत्री घेतली, काठी घेतली. रुषीची बायको ओट्यावरून म्हणाली, "कोठं चालली माय, आता का हाये तेथं?" मी म्हणाले, "पाळी आहे." मी नाल्यापलीकडे गेले, म्हणजे नाला होता तिथे. तिथून टेकडीपर्यंत आणि टेकडीवरून मायच्या जागेपर्यंत. सगळीकडे खड्डे होते आणि लाल माती, आणि ऊन. थांबायला आडोसा नव्हता, छत्री होती म्हणून बरं झालं. दिवसभर मी फिरले. नियमाप्रमाणे प्रत्येक वळणावर उभी राहून कुऱ्हाडीचा आवाज येतो का ते ऐकलं.

संध्याकाळी पैकाजी रोपांना पाणी घालत होते. त्यांचा दंड उन्हाळ्याबरोबरच संपला होता, तरी ते रोज घालतात. मी त्यांना सांगितलं, आज काही चोरीला गेलं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले.

मी काठी शेजारच्या दाराशी टेकवली.