सपाट रेघ

इलाला तीट-काजळ केलं, थोपटून निजवलं आणि शरयू पळतच गच्चीवर आली. यंत्राची फिरती काच घाईघाईनं डब्यात बसवली, दुर्बीण अभिजित ताऱ्यावर लावली आणि लॅपटॉपकडे बघत बसली. रेघ सपाट यायला हवी होती. तिला खड्डा पडला होता. काच फेरी घेई, की पुन्हा तोच खड्डा.

ताऱ्याचा प्रकाश ध्रुवित आहे का, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात का, हे मोजायचं यंत्र. सिंदी मेघे गावातल्या या गच्चीवर वर्षभर खपून तिनं ते बांधलं होतं. अभिजितचा प्रकाश जवळजवळ ध्रुवित नसतोच, म्हणून तपासणीला तो. थोड्याच वेळात पुण्याचे परीक्षक व्हिडिओ कॉलवर रेघ बघणार होते. सपाट आली तर तिच्या कॉलेजचं यंत्र वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीवर चढणार. नाहीतर दुसऱ्या कॉलेजचं.

"आकाशकंदिलाचा उजेड शिरतोय," ती नवऱ्याला म्हणाली.

मधूनं कंदील बंद केला. खड्डा तसाच.

"जिन्यातला दिवा."

तोही बंद झाला. खड्डा आहेच.

"मधू, मेन स्विचच पाड."

घर अंधारात बुडालं. बॅटरीवरच्या यंत्रात खड्डा तसाच. खाली पंखा थांबला, इला रडत उठली आणि सासूबाई, विमलाबाई, नातीला कडेवर घेऊन चाचपडत वर आल्या.

"दिवाईच्या दिसात घरात अंधार काऊन करून राह्यली वं?"

"यंत्र बिघडलंय, आई."

"नजर लागली. सकाळीच म्हनलं, डब्याले तीट लावू दे. तं म्हने, हे विज्ञान आहे, हात लावू नका."

शरयू चमकली. प्रकाश ध्रुवित असता तर एका फेरीत दोन खड्डे पडले असते. इथे एकच पडतोय, म्हणजे काचेबरोबर काहीतरी फिरतंय. डाग! तिनं झाकण उघडून मोबाइलचा उजेड मारला. काचेच्या कडेला काळा, तेलकट, गोल ठिपका.

"आई," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "लावलीतच ना शेवटी?"

"म्या? मले तं ते झाकण उघडता बी येत नाई."

"मग ही काय आभाळातून पडली?"

"मी जरा मेन स्विच बघतो," म्हणत मधू जिन्याकडे सरकला.

"थांब नं रे. पोरीले धर."

इलाला त्याच्याकडे देऊन विमलाबाईंनी सुनेचा उजवा हात धरला आणि मोबाइलच्या उजेडात आणला. बोटाचं टोक काळं होतं. इलाच्या गालावर त्याच मापाचा ठिपका होता.

तेवढ्यात फोन वाजला. शरयूनं मऊ कापडानं काच पुसली, झाकण लावलं, आणि कॉल घेतला. रेघ सरकू लागली. एक फेरी, दुसरी फेरी. निजलेल्या लेकरासारखी निवांत, सपाट.

"उत्तम," पुण्याहून आवाज आला. "यंत्र पाठवून द्या."

शरयू आभार मानू लागली. मागे अंधारात विमलाबाई नातीला सांगत होत्या, "पाह्य माय, तुह्या आईनं मले भायेरून लावू नाई देल्ली. अन् सोता आतून लावली."

पुण्याच्या परीक्षकांनी ते ऐकलं.

"आतून काय लावलंय, मॅडम?"

शरयूनं काळं बोट पाठीमागे लपवलं.

"पुसलंय, सर."