पोर्ट सेलिनाचे टाइमकीपर

तंजावुरात बदली होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी खालच्या घरातल्या सेतुमाधवरावांना विचारलं, "इथं जवळपास चांगलं खायला कुठं मिळतं हो?"

ते ओट्यावर वेताच्या खुर्चीत बसले होते. प्रश्न ऐकून एकदम सावरून बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "सकाळीं सातच्या आंत जेटीवर जावें. तेथें निळ्या दाराची बेकरी. मिस आयर्मा म्हणून बाई आहे. नारळ घातलेली भाकरी घ्यावी, गरम. तिजबरोबर कोकोचा चहा, आंत दालचिनी. मासळी देऊं लागली तर नको म्हणावें, ती रागावत नाहीं. मग डाव्या हातास वळलांत की शनिवारचा बाजार."

मी बॅगेतून कागद काढून लिहूनसुद्धा घेत होते. 'जेटी' लिहून झाल्यावर हात थांबला.

"समुद्र इथून किती लांब आहे?"

"कोणता?"

"तुम्ही सांगताय तो."

"कॅरिबियन," ते शांतपणे म्हणाले. "तीन विमानें बदलावीं लागतात." आणि मग, अगदीच किरकोळ बाब असल्यासारखं, कोपऱ्यावरची मेस दाखवली.

माणूस सरकला आहे असा माझा ग्रह झाला, आणि पुढची तीन वर्षं तो ग्रह पूर्णपणे गेला असं काही मी म्हणणार नाही.

सेतुमाधवरावांना सगळी गल्ली 'माम' म्हणते, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दारात तमिळ, आणि राग आला की इंग्रजी. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं. 'बसा' म्हणायचं तर 'बैसा' म्हणत, तेही तमिळ हेल काढून. नंतर मी साताऱ्याला गेले की आईच 'बैसा काय म्हणतेस गं?' म्हणून मला हसायला लागली.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बस स्टँडवर टाइमकीपर म्हणून काढली. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली हे लिहायचं आणि माइकवरून ओरडायचं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी माइक काही घशातून निघालेला नाही. माझं ऑफिसातून येणंसुद्धा ते ओट्यावरून जाहीर करतात. "सहा दहा! पांच मिनिटें लेट!" गल्लीतली बायकामाणसं त्यावर आपापली घड्याळं लावतात.

आणि या माणसाला जगाच्या पाठीवरचं एकच गाव तोंडपाठ होतं, ते म्हणजे कॅरिबियन बेटावरचं पोर्ट सेलिना. तिथं त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मोबाइलवरच्या नकाशात गल्ली न् गल्ली फिरून, प्रवाशांनी लिहिलेले अभिप्राय वाचून, त्यांनी एक जाडजूड वही भरली होती. मराठी, पण तमिळ लिपीत लिहिलेली. वहीवर मथळा होता, 'पोर्ट सेलिना: काय करावें, काय खावें.' बेटावर मासळीशिवाय पान हलत नाही आणि मामांनी आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही, तरी त्यांची खाण्याची यादी चार पानं होती. कालालू नावाची पालेभाजी. "आमचें अळूच, बाई. खोबरें घालतात. फक्त चिंच घालायची अक्कल नाहीं." चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे. "पाहा, चिंच आहे! मग भाजींत घालायला काय झालें?" जायफळाचं आइस्क्रीम, फक्त रविवारी, चर्च सुटल्यावर.

करण्यासारख्या गोष्टींचीही यादी होती. सकाळी समुद्रात पाय बुडवणं, दीपगृहाच्या एकशेचार पायऱ्या चढणं, संध्याकाळी जेटीवर बसून पेलिकन पक्षी मोजणं. प्रत्येकीपुढं राहुकाळ टाळून वेळ दिलेली. राहुकाळ म्हणजे रोजची दीड तासाची अशुभ वेळ, त्यात इकडची माणसं काही नवं करत नाहीत. मामांनी तो पोर्ट सेलिनाच्या सूर्योदयावरून काढला होता. "राहु काय भारतापुरता आहे?" असं वर मलाच विचारलं.

तिथल्या मिनीबसवर मात्र त्यांचा राग होता. त्यांना वेळापत्रकच नाही, भरली की सुटते हे कळल्यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी बसून त्यांनी स्वतः वेळापत्रक तयार केलं आणि तिथल्या नगरपालिकेला पाठवलं. उत्तर आलं नाही. "विचार चालू असेल," माम म्हणाले.

एकदा नागरकोईलहून कुणीतरी त्यांना नीरफणस आणून दिला. बेटावर तो अख्खाच्या अख्खा विस्तवात भाजून खातात. मामांनी गच्चीवर नारळाच्या सोडणांचा जाळ केला. धूर इतका झाला की समोरच्या शिंपीणबाई बादली घेऊन धावत आल्या, पाठोपाठ दोन रिक्षावाले. माम काठीनं फणस उलटत ओरडत होते, "आग नव्हे! ब्रेकफास्ट!" शेवटी पाणी पडलंच. आतला फणस अर्धा कच्चा, अर्धा कोळसा. मामांनी तो लोणच्याबरोबर सगळ्यांना वाटला. शिंपीणबाईंनी अजून त्यांना क्षमा केलेली नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर त्यांची एकुलती एक लेक वैदेही तिथं मेडिकल कॉलेजात शिकवते. आठ वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा येते. मामी गेल्या तेव्हा वाटेतलं एक विमान चुकलं आणि ती सगळं आटोपल्यावर पोचली. त्याला पाच वर्षं झाली. एकटी मुलगी, एकटा बाप, मध्ये अख्खी पृथ्वी. मामांचा पासपोर्ट मात्र तयार होता, कोरा करकरीत. आधीच्याची मुदत संपली तेव्हा लगेच नवा काढून आणला होता. "कधी जाताय?" असं कुणी विचारलं की म्हणत, "पाहूं." गल्लीचं मत असं झालं होतं की हा माणूस बोलाचाच आहे, विमानाला घाबरतो.

मलाही तसंच वाटायचं. शिवाय त्यांचा एक स्वभाव मला सुरुवातीलाच महागात पडला होता. पहिल्यांदा ते वर आले तेव्हा मी विचारलं, "कॉफी घेणार?" म्हणाले, "नको." मी म्हटलं, "घ्या ना थोडी." "नको, नको." मी मुकाट्यानं पातेलं खाली उतरवलं. माम थोडा वेळ बसले आणि पडलेल्या चेहऱ्यानं उठून गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, तुमच्या साताऱ्यास आग्रह करीत नाहींत काय?"

मग त्यांनी मला कायदा समजावला. "एकदां विचारणें ही रीत. कोणासही विचारतात. दोनदां विचारणें हा मान. तिसऱ्यांदा विचारलें तर तें मनापासून. पहिल्या दोहोंस हो म्हणणारा माणूस अधाशी." तेव्हापासून मी एका दमात तीनदा विचारते. "कॉफी? कॉफी? कॉफी?" माम हसतात आणि तिसरीला म्हणतात, "सरी," म्हणजे बरं, "आतां एवढें म्हणतां तर."

रोज संध्याकाळी साडेपाचला ते एक फोन करत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. पोर्ट सेलिनात तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. फोन मिस आयर्माच्या बेकरीला जायचा. आम्हाला वाटे, हवापाणी विचारत असतील, नाहीतर भाकरीत चरबी घालते का याची उलटतपासणी चालू असेल. फोन झाला की वहीत काहीतरी टिपून माम खूश होऊन कॉफीची वाट बघत बसत.

गेल्या आषाढात त्यांचा फोन विहिरीत पडला. वाकून पाण्याची पातळी बघत होते. फोन खिशात होता, तो पातळीला भेटून आला. दुरुस्तीवाल्यानं तीन दिवस सांगितले. माझा देऊ केला तर "तुमचें ऑफिस असतें" म्हणून घेतला नाही. मी दोनदाच विचारलं होतं, चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा माझा फोन वाजला. वैदेही.

"अक्का, अप्पा बरे आहेत की?" मी विहिरीची हकीकत सांगितली. ती हसली.

"मज ठाऊकच नव्हतें," ती म्हणाली. "आज संध्याकाळीं बेकरीवाल्या आंटीनें रस्त्यांत थांबवलें. म्हणाली, तुझ्या डॅडीचा दोन दिवस फोन नाहीं, आजारी आहे काय? मीं म्हटलें, कुठला फोन? तर म्हणाली, रोज करतो. पांच वर्षें. विचारतो, ती आज आली काय, काय खाल्लें, पुरतें खाल्लें काय."

माझ्या हातात पोळी तशीच राहिली.

मग तिनंच सांगितलं. आई गेल्यावर ती परत बेटावर गेली ती जेवणच सोडल्यासारखी. बिस्किटं आणि कॉफी. स्वयंपाकघरात गेलं की रडू येई. बापाला फोनवर सांगायची, जेवले. तेव्हा एके दिवशी अप्पांनी सहज म्हटलं, तुझ्या रस्त्यावर निळ्या दाराची बेकरी आहे म्हणे, भाकरी चांगली असते म्हणे. ती गेली. मग बाजार निघाला, मग कालालूवाली, मग रविवारचं आइस्क्रीम, मग पेलिकन मोजणं. "मी म्हणत होतें, अप्पांना छंद लागला आहे. मी त्यांना खूश ठेवायला जात होतें, अक्का."

मी ओट्याकडं पाहिलं. खाली माम शिंपीणबाईंचं घर लेट उघडलं म्हणून जाहीर करत होते. मला एकदम इतकं भरून आलं की त्या बाईंचाही राग आला.

"मग त्यांना तिकडं बोलाव ना," मी म्हटलं, जरा कडकच.

"बोलावलें की! येत नाहींत. अम्मा गेली त्या वर्षीं म्हटलें, चला. म्हणाले, पाहूं. मग घर घेतलें तेव्हां म्हटलें. म्हणाले, उगाच कशास, पाहूं. अम्माचें घर सोडवत नसेल त्यांना. त्रास नको म्हणून मग मीं तो विषयच सोडला."

"किती वेळा विचारलंस म्हणालीस?"

"दोनदां."

मी पोळी ताटलीत ठेवली. पाच वर्षं हा माणूस पासपोर्टची मुदत सांभाळत ओट्यावर बसून होता. लेकीनं रीत पाळली होती, मान दिला होता, आणि तो पुढच्या विचारण्याची वाट बघत होता. तिला वाटलं बाप नको म्हणतोय. आठ वर्षं परदेशात राहून पोरगी तेवढं एकच विसरली होती.

"वैदेही," मी म्हटलं, "मी फोन खाली नेते. आत्ता. अजून एकदा विचार."

मी जिना उतरून फोन त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या तुळशीला पाणी घालू लागले, अर्थात कान तिकडंच. माम आधी विहिरीबद्दल बोलले. मग ऐकत राहिले. शेवटी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत, माइकवरचा आवाज कुठल्या कुठं गेलेला, ते म्हणाले, "सरी. आतां एवढें म्हणतेस तर."

जायचा दिवस शुक्रवार. त्रिचीच्या विमानतळाची गाडी अकराला येणार आणि शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. मामांनी त्यावर जुना तोडगा काढला, प्रस्थान ठेवण्याचा. मुहूर्ताच्या वेळी आपली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. निघताना ती उचलून जायचं. साडेनऊला माम जिना चढून आले आणि त्यांनी माझ्या देवापुढं ती जाडजूड वही ठेवली. वर सुपारी.

अकराला सगळी गल्ली दारात. पिशवीत मेतकूट, सांडगे आणि दोन किलो चिंच, कालालूसाठी. शिंपीणबाईंनी स्वेटर दिला, कॅरिबियनमध्ये तो कशाला हे कुणी विचारलं नाही. मी वही घेऊन धावत खाली आले.

"माम, प्रस्थान राहिलं!"

"राहूं द्या, बाई," ते गाडीत बसत म्हणाले. "तेथें मज कांहींच ठाऊक नाहीं. ती दाखवील."

गाडी सुटली. अकरा वाजून बारा मिनिटं, पण जाहीर करायला कुणी नव्हतं.

चार दिवसांनी वैदेहीचा फोटो आला. निळं दार, त्यापुढं स्वेटर घातलेले माम, शेजारी एक धिप्पाड हसरी बाई. खाली लिहिलं होतं, "अक्का, अप्पांना इथलें कांहीं म्हणजे कांहीं ठाऊक नाहीं. रस्ता, बाजार, सगळें मीच दाखवतें आहें. आयर्मा आंटीनें गरम भाकरी पुढें केली, तर अप्पा नको म्हणाले. तिनें परत विचारलें, परत नको. ती बिचारी ताट उचलायला लागली. मीं म्हटलें, आंटी, थांब. अजून एकदां विचार."