भाऊजींचे खेळाडू

आमच्या ओट्यावर अधूनमधून निरोप समारंभ होतो. खुर्ची मांडलेली असते, खुर्चीवर शाल, शालीवर नारळ. माणूस मात्र नसतो. कारण ज्याला निरोप द्यायचा तो जन्मलेलाच नाही.

समारंभ करणारे माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, मोठे भाऊजी. अमरावतीला एका कॉलेजच्या मैदानावर शिपाई होते. लग्न केलं नाही, राहतात आमच्याजवळ. तरुणपणी बेसबॉल खेळायचे. आता गुडघे गेले, म्हणून मोबाइलमध्ये खेळतात. त्यात त्यांची अख्खी लीग आहे. भातकुलीचा संघ, हिवरखेडचा संघ, अकोल्याच्या जुन्या शहराचा संघ. खेळाडूंना नावं भाऊजी देतात, सामने मोबाइल आपला आपण खेळतो, भाऊजी नुसते ओरडतात. दर हंगामाला खेळाडूचं वय वाढतं. म्हातारा झाला की बटण दाबून त्याला निवृत्त करायचं. पण बटणाआधी भाषण.

मोबाइलमध्ये त्या खेळाडूचे सगळे आकडे असतात. भाऊजी चष्मा लावून ते बघतात आणि म्हणतात, "आकडे राहू द्या बाजूले. मानूस कसा होता ते सांगतो." मग हिवरखेडचे गजाननराव पाय मुरगळलेला असताना कसे धावले, हरल्यावर स्वतःचा डबा कसा उघडायचे नाहीत आणि दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं कसं संपवायचे, सगळं निघतं. समोरच्या मावशी एकदा डोळ्यांना पदर लावून रडल्या. मागाहून मला विचारतात, "कवा गेले व ते?"

नारळ दर वेळी तोच. एकदा पाहुणे आले म्हणून मी तो चटणीला फोडला. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "बाई, भातकुलीवाल्याले उद्या काय देऊ? भोपया?"

मैदानात भाऊजी कॅचर होते. चेंडू फेकणाऱ्याच्या समोर उकिडवं बसायचं, दोन मांड्यांमध्ये हात धरायचा आणि बोटांनी खूण करायची, चेंडू कसा टाकायचा ते. फेकणाऱ्याला पटलं नाही तर तो मान हलवतो. मग दुसरी खूण. घरातही त्यांचं तेच. एक बोट म्हणजे चहा. दोन बोटं म्हणजे पाणी. मूठ म्हणजे पुरे, आता वाढू नका. मला भासऱ्यांशी बोलायचा संकोच, त्यामुळे बरंच झालं. लग्न झाल्यापासून आमचं असंच चाललं आहे.

त्यांच्या लीगमध्ये जुन्या शहराकडून देवीदास नावाचा एक जण चेंडू फेकतो. सगळ्यात म्हातारा तोच. तो असला की संघ हरतो. आमचे हे म्हणतात, "दादा, काढ ना त्याले आता."

"अजून हात हाये त्याचा," भाऊजी म्हणतात.

हा देवीदास मात्र जन्मलेला आहे. अकोल्याला जुन्या शहरात राहतो. खऱ्या मैदानात तो फेकायचा आणि भाऊजी झेलायचे. मागच्या वर्षी त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. भाऊजी भेटायला गेले नाहीत. दर रविवारी सकाळी त्याच्यासाठी पिशवीत संत्री भरायचे, आणि संध्याकाळी ती संत्री आम्ही खायचो.

एका संध्याकाळी त्यांनी खुर्ची मांडली. शाल ठेवली, नारळ ठेवला. "जुन्या शहराचे देवीदास," म्हणाले, आणि थांबले. बोट बटणावर, पण दाबेनात.

"दाबा ना जी," मावशी म्हणाल्या, "तिकडं माहा भात लागून राहिला."

मी दारातून म्हटलं, "भाऊजी, हा मानूस तं हाये. त्यायच्या घरी जाऊन द्या ना निरोप."

माझा आवाज ऐकून ते दचकलेच.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं गेलो. देवीदासच्या बायकोनं दार उघडलं. "जय भीम, भाऊ. रस्ता इसरले होते काय?" देवीदास खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. भाऊजींनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ मांडीजवळ ठेवला.

"आकडे राहू द्या बाजूले," म्हणाले.

मग ते खाटेसमोर उकिडवे बसले. गुडघे कडकड वाजले. मांड्यांमध्ये हात धरला आणि मूठ दाखवली. पुरे.

देवीदासनी मूठ बघितली आणि मान हलवली. नाही.

भाऊजींनी एक बोट काढलं. पुन्हा नाही. मग दोन बोटं. आमच्या घरी दोन बोटं म्हणजे पाणी, म्हणून मी सवयीनं उठले. पण देवीदासनी मान डोलावली, आणि चादरीतून त्यांचा डावा हात हळूहळू बाहेर आला. मधेच खाली पडायला लागला. भाऊजींनी दोन्ही हातांनी तो खालून झेलला.

"आला," ते म्हणाले. "आला ना बे, देव्या."

उठताना भाऊजींना आमच्या ह्यांनी धरून उभं केलं.

देवीदास अजून जुन्या शहराकडून खेळतात आणि अजून हरतात. रविवारची संत्री आता घरी परत येत नाहीत.

काल अकोल्याहून आल्यावर भाऊजी जेवायला बसले. एक भाकर खाल्ली आणि मला मूठ दाखवली. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मूठ उघडून ताट पुढे केलं.